मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. पद्धत कोणती, लेन्स कोणती?

तपासणी होते, डॉक्टर 'मोतीबिंदू आहे, काढायला हवा' म्हणतात आणि शेजारच्या टेबलावर पॅकेजचा छापील कागद पुढे सरकतो. चार-पाच ओळी, प्रत्येकीपुढे आकडा: भारतीय लेन्स, इम्पोर्टेड लेन्स, टॉरिक, मल्टिफोकल आणि सगळ्यात खाली 'ब्लेडलेस लेझर'. खाली जावं तसा आकडा फुगत जातो. घरचे विचारतात, "सगळ्यात चांगली कोणती?" आणि बोट शेवटच्या ओळीवर जातं. आईच्या डोळ्यांत काटकसर केली असं कुणाला म्हणवून घ्यायचं असतं?

गोम अशी की त्या एका ओळीत वेगवेगळे निर्णय कोंबलेले असतात. मोतीबिंदू कसा काढायचा हा एक. आत कसली लेन्स बसवायची हा दुसरा. ती लेन्स कोणत्या अंतरासाठी लावायची हा तिसरा, आणि याला वेगळे पैसे पडत नाहीत म्हणून तो कागदावर बहुतेकदा नसतोच. खरं तर बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं.

आत्ता करायचं की थांबायचं

'अजून पिकला नाही, थांबा' हा सल्ला आजोबांच्या काळातला. तेव्हा मोठा छेद घेऊन भिंग काढायचे, टाके पडायचे, पुढे जाड काचेचा चष्मा लागायचा; म्हणून जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं. आता उलट आहे. पिकून तपकिरी, कडक झालेला गर फोडायला जास्त ताकद लागते आणि तिचा मार बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या पेशींच्या थराला बसतो. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्याहून पुढे गेलेला, अतिपक्व मोतीबिंदू डोळ्यात झिरपू लागतो, डोळ्याचं प्रेशर चढतं, डोळा लाल होऊन ठणकतो आणि घाईघाईने ऑपरेशन करावं लागतं.

पण म्हणून सुरुवातीची धूसर छटा दिसली की लगेच तारीख घ्यावी असंही नाही. तक्त्यावरच्या 6/9 किंवा 6/12 या नजरेच्या आकड्यांपेक्षा रोजचं काम अडतंय का हा प्रश्न मोठा. संध्याकाळी सिंहगड रस्त्याने स्कूटर चालवताना समोरच्या हेडलाइटने काहीच दिसेनासं होतं का? पीएमपीच्या पाटीवरचा नंबर बस अगदी जवळ आल्यावरच वाचता येतो का? जिना उतरताना शेवटच्या पायरीचा अंदाज चुकतो का? यांपैकी काही होत असेल तर वेळ आली आहे.

एक लक्षण मात्र फसवं. साठीनंतर अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला की लोक खूश होतात, 'नंबर गेला' म्हणून पेढे वाटायचेच बाकी राहतात. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला मायनस नंबर येतो आणि त्यामुळे जवळचं स्पष्ट होतं; लांबचं तेवढंच बिघडतं. ही मोतीबिंदूचीच एक पायरी आहे. याउलट भिंगाच्या मागच्या बाजूला डाग असेल तर आधी वाचनच अडतं आणि उन्हात डोळे दिपतात. मधुमेह असलेल्या आणि बराच काळ स्टेरॉईड घेतलेल्या लोकांत हा प्रकार जास्त दिसतो, आणि तो भराभर वाढतो.

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब नाहीत. मध, अर्क, गुलाबपाणी यांनीही तो जात नाही. जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. नेहमी हाताशी असलेल्या दोन गोष्टी तेवढ्या उपयोगाच्या: तंबाखू-सिगारेट सोडणं आणि उन्हात अतिनील किरण अडवणारा चष्मा. त्यांनी वाढीचा वेग कमी होऊ शकतो, झालेला मोतीबिंदू मागे जात नाही.

फेको, एसआयसीएस, फेमटो

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. पुण्यात सर्रास 'लेझरने केलं' म्हणतात, आणि दहापैकी नऊ वेळा ती फेको असते. फेकोत लेझर नसतो. सुईच्या टोकाला ध्वनिलहरींची कंपनं असतात. 'बिनटाक्याचं' हा शब्दही फेकोची मक्तेदारी नाही, कारण एसआयसीएसमध्येही (यंत्राशिवाय, लहान छेदातून हाताने गर काढण्याची पद्धत) सहसा टाका घालत नाहीत.

फेकोत बुबुळाच्या कडेला साधारण 2.2 ते 2.8 मिमीचा छेद घेतात. भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या पापुद्र्याला सुमारे 5 ते 5.5 मिमीचं गोल तोंड पाडतात. कंप पावणारी सुई आत जाऊन गर फोडते आणि ओढून घेते. पिशवी जागेवरच राहते आणि घडी घातलेली लेन्स तिच्यात उलगडते. छेद इतका लहान की आपोआप मिटतो. यातला नाजूक भाग म्हणजे पिशवीचा मागचा पापुद्रा. तो सायीसारखा पातळ असतो आणि त्याला चीर गेली तर पुढचं सगळं गणित बदलतं, त्याबद्दल खाली.

एसआयसीएसमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागात 6 ते 7 मिमीचा तिरपा बोगदा करतात आणि गर अख्खाच त्यातून सरकवून बाहेर काढतात. महागडं यंत्र लागत नाही, खर्च कमी येतो, आणि कडक, पूर्ण पांढऱ्या किंवा तपकिरी मोतीबिंदूत डोळ्याच्या आत कमी फोडाफोड होते. तोटा असा की छेद मोठा असल्याने बुबुळाच्या गोलाईत थोडा फरक पडतो, म्हणजे तिरका नंबर येऊ शकतो. डोळा काही दिवस जास्त लाल राहतो आणि चष्म्याचा नंबर स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात. फेकोत सहसा तीन-चार.

निकालात फरक किती? याचं एक चांगलं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. मोहम्मदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 डोळ्यांवर या दोन पद्धतींची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली आणि ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी, चष्मा लावून 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे 98 टक्के. चष्म्याशिवाय तेवढं दिसणारे मात्र फेकोत सुमारे 81 टक्के आणि एसआयसीएसमध्ये सुमारे 71 टक्के. म्हणजे नजर दोन्हींत परत येते; फेकोचे जादा पैसे प्रामुख्याने चष्म्यावरचं अवलंबन कमी व्हावं आणि डोळा लवकर पूर्ववत व्हावा यासाठी जातात. परवडत असेल आणि मोतीबिंदू मध्यम असेल तर फेकोच करावी. पण शिबिरात किंवा सरकारी रुग्णालयात एसआयसीएस सांगितली म्हणून कमी दर्जाचं काही मिळतंय असं समजू नये. कडक मोतीबिंदूत डॉक्टर स्वतःहून एसआयसीएस सुचवत असतील तर फेकोचा हट्ट धरू नये. तो डोळ्याच्या भल्याचाच सल्ला असतो.

आता फेमटो, म्हणजे कागदावरचं 'ब्लेडलेस'. इथे खरोखर लेझर असतो. तो छेद घेतो, पिशवीचं गोल तोंड कापतो, गराचे तुकडे पाडतो. पण तुकडे बाहेर काढायला पुढे फेकोचीच सुई लागते. बाहुली नीट मोठी होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा डाग असेल तर लेझर चालतच नाही. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्या 2020 मध्ये प्रसिद्ध झाल्या. सर्वसाधारण रुग्णांत फेकोपेक्षा उजवा निकाल दोन्हींत दिसला नाही. काही निवडक डोळ्यांत त्याचा उपयोग असेल, तर तो कशासाठी हे डॉक्टर सांगू शकतील. नुसतं 'जास्त अचूक' एवढंच उत्तर मिळालं तर बजेटमधली पहिली काट याच ओळीवर मारावी.

भूल हा छोटा विषय, पण विचारून ठेवावा. थेंबांची भूल असेल तर रुग्णाने दहा-पंधरा मिनिटं स्थिर पडून दिव्याकडे बघायचं असतं. ज्यांना कमी ऐकू येतं, मान थरथरते, फार घाबरायला होतं किंवा सरळ झोपलं की खोकला येतो, त्यांनी हे आधीच सांगावं. त्यांच्यासाठी डोळ्याभोवतीचं इंजेक्शन जास्त सोयीचं पडतं.

पैसे कुठेही वाचवा, मोजमापात नको

लेन्सचा नंबर ऑपरेशनआधी मोजून काढावा लागतो. त्यासाठी डोळ्याची पुढून मागे लांबी आणि बुबुळाची गोलाई लागते. लांबीत 1 मिमीची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनची चूक होते. लाखाची लेन्स चुकीच्या नंबराची बसली तर ती साध्या लेन्सपेक्षा वाईट.

लांबी मोजायचे दोन मार्ग. पहिला ए-स्कॅन: भुलीचा थेंब टाकून ध्वनिलहरींची पेन्सिल बुबुळाला टेकवतात. हात जरा जड पडला की बुबुळ दबतं, लांबी कमी भरते आणि नंबर चुकतो. दुसरा ऑप्टिकल बायोमेट्री: हनुवटी टेकवून एका दिव्याकडे बघायचं, डोळ्याला काहीच लागत नाही. ही जास्त भरवशाची, पण मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि ए-स्कॅनवरच यावं लागतं. टॉरिक किंवा मल्टिफोकल घ्यायची असेल तर ऑप्टिकल बायोमेट्री आणि बुबुळाची टोपोग्राफी (त्याच्या गोलाईचा नकाशा) झाल्याशिवाय पैसे भरू नयेत. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा ओसीटी स्कॅनही करून घ्यावा. पडद्यावर सूज किंवा झीज असेल तर महाग लेन्सचा फायदा तिथेच बुडतो.

मोजमाप बिघडवणाऱ्या तीन गोष्टी रुग्णाकडे असतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट किमान आठवडाभर आणि हार्ड किमान दोन-तीन आठवडे आधी बंद करा. डोळे कोरडे पडत असतील, आणि हिंजवडी-खराडीत दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचे ते पडतातच, तर आधी काही आठवडे कोरडेपणाचा उपचार घ्या. कोरड्या बुबुळाची गोलाई दर मोजणीला वेगळी येते. तिसरी गोष्ट म्हणजे जुनं लेसिक. विशी-पंचविशीत चष्मा घालवलेली पिढी आता पन्नाशीकडे येते आहे. लेसिक झालेल्या बुबुळावर नेहमीची सूत्रं चुकतात आणि प्लस नंबर शिल्लक राहतो. लेसिकच्या आधीचे नंबर असलेला कागद सापडला तर घेऊन जा. नाही सापडला तरी लेसिक झालं आहे हे सांगायला विसरू नका.

जाता जाता: बाहुली मोठी करणारे थेंब टाकले की चार-सहा तास धूसर दिसतं. तपासणीला स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

लेन्स: कशाची, त्याआधी कुठली

लंडनमध्ये 1949 साली हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली ती पीएमएमए या कडक प्लॅस्टिकची होती. विमानाच्या काचेच्या त्याच प्लॅस्टिकचे कण युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते आणि डोळ्याने ते निमूट सहन केले, हे त्यांनी पाहिलं होतं. पीएमएमएची लेन्स आजही चालते, टिकते, स्वस्त आहे. तिची घडी होत नाही, म्हणून तिला मोठा छेद लागतो. एसआयसीएससोबत ती ठीक.

घडीच्या लेन्स ॲक्रिलिकच्या. त्यांत हायड्रोफोबिक (पाणी न धरणारी) आणि हायड्रोफिलिक (पाणी धरणारी) असे दोन प्रकार. हायड्रोफोबिक, चौकोनी कडेच्या लेन्समागे पिशवी पुढे धूसर होण्याचं प्रमाण कमी असतं. पॅकेजच्या कागदावर हा शब्द शोधा. 'इम्पोर्टेड' या शब्दापेक्षा त्याला जास्त अर्थ आहे. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून भारतात लेन्स बनवून किमती खाली आणल्या, आणि भारतात बनलेली चांगली हायड्रोफोबिक लेन्स ही तडजोड मानायचं कारण नाही.

कोणत्या अंतरावर चष्म्याशिवाय दिसायला हवं

नैसर्गिक भिंग तरुणपणी फोकस बदलतं. बसवलेली लेन्स बदलत नाही. हे एक वाक्य पक्कं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

| लेन्स | रस्ता, टीव्ही | स्क्रीन, स्वयंपाकाचा ओटा (60–70 सेमी) | पेपर, मोबाइल (35–40 सेमी) | रात्रीचे दिवे |
|---|---|---|---|---|
| मोनोफोकल (एकच फोकस), लांबसाठी | स्पष्ट | चष्मा | चष्मा | त्रास सर्वांत कमी |
| मोनोफोकल, जवळसाठी | चष्मा | बहुधा चष्मा | स्पष्ट | चष्मा लावून ठीक |
| मिनी मोनोव्हिजन | चांगलं | बरंचसं | बारीक अक्षराला चष्मा | एका डोळ्याने किंचित धूसर |
| ईडॉफ (लांबवलेला फोकस) | स्पष्ट | स्पष्ट | बारीक अक्षराला चष्मा | काहींना वलयं |
| ट्रायफोकल | स्पष्ट | स्पष्ट | चांगल्या उजेडात स्पष्ट | वलयं जास्त |

मोनोफोकल लांबसाठी लावणं हा प्रघात आहे आणि बहुतेकांना तो मानवतो. वाचायला सुमारे +2.50 चा चष्मा लागतो, कारण 40 सेमीवर फोकस आणायला तेवढीच ताकद हवी. ज्यांनी चाळिशीपासून वाचायचा चष्मा लावला आहे त्यांना यात नवं काही नाही.

पण ज्यांना लहानपणापासून मायनस तीन-चार नंबर आहे त्यांनी इथे थांबून विचार करावा. असे लोक आयुष्यभर चष्मा कपाळावर सरकवून पोथी वाचत, सुईत दोरा ओवत आलेले असतात. लेन्स लांबसाठी लावली की ही सवय एका दिवसात जाते आणि ताटातल्या माशाचा काटाही चष्म्याशिवाय दिसत नाही. डॉक्टरांनी काम चोख केलेलं असतं, नंबर शून्य येतो, तरी माणूस कुरकुरतो. अशांनी 'मला मायनस अडीचच्या आसपास ठेवा, लांबचा चष्मा मी लावीन' असं स्पष्ट सांगता येतं. रविवार पेठेतला सोनार, घरी शिलाई करणारी, अप्पा बळवंत चौकातला बाइंडर, घड्याळजी यांच्यासाठीही हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. खर्च तोच, लेन्स तीच, फक्त तिचा नंबर वेगळा निवडायचा.

मिनी मोनोव्हिजन म्हणजे एक डोळा लांबसाठी आणि दुसरा मायनस 0.75 ते 1.25 च्या आसपास ठेवायचा. मेंदू दोन्ही चित्रं जुळवून घेतो. स्वयंपाक, मोबाइलवरचा मोठा मजकूर, भाजीचा हिशेब चष्म्याशिवाय जमतो. साध्या मोनोफोकल लेन्सवरच होतं, म्हणून आमच्या मते हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत किफायतशीर पर्याय. तिरळेपणाचा इतिहास असेल किंवा एक डोळा लहानपणापासून आळशी असेल तर मात्र नको.

मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्सवर पाण्यातल्या तरंगांसारखी वलयं कोरलेली असतात. ती आत येणारा प्रकाश दोन-तीन फोकसमध्ये वाटून देतात. वाटणी म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, शिवाय थोडा प्रकाश वायाही जातो. म्हणून कमी उजेडात राखाडीवरचं राखाडी वेगळं ओळखणं जड जातं, आणि रात्री बाहुली मोठी झाली की दिव्यांभोवती वलयं दिसतात. बरेच लोक काही महिन्यांत सरावतात. थोडे सरावत नाहीत, आणि त्यांच्यातल्या काहींची लेन्स काढून बदलावी लागते. ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा जोखमीचं.

म्हणून एक्सप्रेसवेवर रात्री गाडी चालवणारा ड्रायव्हर, काचबिंदूचा रुग्ण, मधुमेहाने किंवा वयाने पडदा बिघडलेला माणूस, डोळे फार कोरडे असलेली व्यक्ती यांनी ट्रायफोकलच्या वाटेला जाऊ नये. आणि स्वभावाचाही विचार करावा. चष्म्याच्या फ्रेमवरचा ओरखडा ज्याला दिवसभर टोचतो त्याला दिव्याभोवतीचं वलय वर्षभर टोचेल. उलट डोळे बाकी निरोगी आहेत, दिवसा घराबाहेर वावर आहे, चष्म्याचा खरोखर कंटाळा आहे आणि 'अधूनमधून चष्मा लागला तरी चालेल' ही तयारी आहे, अशा माणसाला ती सुख देते.

ईडॉफ या दोन टोकांच्या मधली. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या, अजून नोकरीत असलेल्या माणसाला ती शोभते. 'सुधारित मोनोफोकल' म्हणून मिळणारी लेन्सही स्क्रीनच्या अंतरावर थोडी मदत करते आणि वलयांचा त्रास जवळपास साध्या मोनोफोकलइतकाच असतो. पर्याय वाढवायचाच तर आमचं मत आधी इकडे झुकेल.

टॉरिकचा प्रश्न वेगळा आहे. ती किती अंतरांवर दिसेल हे ठरवत नाही, बुबुळाचा तिरका नंबर दुरुस्त करते. बुबुळाचा तिरका नंबर साधारण 1 च्या वर असेल तर तिच्यावरचे पैसे सार्थकी लागतात. त्याहून बराच कमी असेल तर ते जवळजवळ फुकट. बुबुळाचा तिरका नंबर आणि चष्म्यातला सिलेंडर एकच नसतात, तेव्हा टोपोग्राफीवरचा आकडा विचारा. ही लेन्स ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एका अंशाने फिरली तर दुरुस्तीचा सुमारे 3 टक्के भाग जातो, 30 अंशांनी फिरली तर सगळाच. आडवं झोपलं की डोळा किंचित फिरतो, म्हणून ऑपरेशनआधी रुग्णाला बसवून बुबुळावर खूण करतात किंवा यंत्राने जुळवतात. नंतर ती फिरल्याचं लक्षात आलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत जागेवर आणणं सोपं असतं. त्यामुळे टॉरिक घेतलेल्यांनी पहिल्या फेरतपासण्या चुकवू नयेत.

पैशाचं बोलणं

ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ऑपरेशन होतं. 1976 पासूनचा हा कार्यक्रम आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांत मोफत आणि सशुल्क असे दोन्ही विभाग असतात. कागदपत्रं कोणती लागतील ते आधी विचारावं.

विमा असेल तर तीन ओळी वाचा: प्रतीक्षा काळ, प्रति डोळा मर्यादा आणि लेन्सबद्दलची अट. उदाहरणार्थ 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत मोतीबिंदूला 24 महिन्यांचा प्रतीक्षा काळ आहे आणि प्रति डोळा विम्याच्या रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांतली कमी रक्कम मिळते. मर्यादेवरचा खर्च खिशातून. महाग लेन्स निवडण्याआधी टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) पूर्वमंजुरीचा आकडा हातात घ्या, तोंडी नको.

रुग्णालयाला विचारायचे प्रश्न असे: पॅकेजमध्ये थेंब आणि फेरतपासण्या धरल्या आहेत का? मागचा पापुद्रा फाटला तर वाढीव खर्च किती? आणि हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात: पापुद्रा फाटल्यामुळे ठरवलेली टॉरिक किंवा मल्टिफोकल बसवता आली नाही, साधी बसवावी लागली, तर फरकाचे पैसे परत मिळणार का? हे होणं विरळ, पण होतं, आणि चांगल्या हातूनही होतं. उत्तर आधीच ठरलेलं बरं.

डिस्चार्ज कार्डावर लेन्सच्या डबीतला स्टिकर चिकटवून घ्या. त्यावर मॉडेल, नंबर, अनुक्रमांक आणि मुदत असते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तोच कागद लागतो.

डॉक्टरांपासून लपवू नये असं काही

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल, किंवा पूर्वी घेतलं असेल तरी, सांगा. या गोळीने बुबुळामागचा रंगीत पडदा लुळा पडतो, ऑपरेशनमध्ये फडफडतो आणि बाहुली आक्रसते. गोळी बंद करून भागत नाही. पण सर्जनला माहीत असेल तर तो तयारीने उतरतो. लघवीची गोळी आणि डोळ्याचा काय संबंध, असं वाटून ही गोष्ट हमखास राहून जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. थेंबांच्या भुलीत बहुतेकदा त्या थांबवाव्या लागत नाहीत. साखर आटोक्यात आणा, आणि मधुमेहींनी पडदा आधी तपासून घ्या, कारण असलेली सूज ऑपरेशननंतर वाढू शकते. डोळ्यातून सतत पाणी, पू किंवा पापणीवर रांजणवाडी असेल तर आधी ती बरी करायची.

घरी आल्यावर

जंतुनाशक थेंब साधारण आठवडाभर. स्टेरॉईडचा थेंब दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत सहा आठवडे, हा एक नेहमीचा क्रम. तुमच्या कागदावर वेगळा असेल तर तोच पाळा. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, आणि उघडलेली बाटली महिन्याने फेका. बरं वाटलं म्हणून स्टेरॉईड मध्येच सोडू नका. छान वाटतंय म्हणून मुदतीपुढे चालूही ठेवू नका. प्रेशर वाढतं आणि कळतही नाही.

आंघोळ गळ्याखालून; डोक्यावरून पाणी दहा-पंधरा दिवस नको. डोळा चोळायचा नाही, रात्री प्लॅस्टिकची ढाल लावून झोपायचं. टीव्ही, वाचन, पोळ्या लाटणं यांनी काही बिघडत नाही. मार्केट यार्डातल्या हमालासारखं वजन उचलण्याचं काम असेल तर किती दिवस सुट्टी हे विचारून घ्या. एसआयसीएसनंतर ती जास्त. 'हिवाळ्यातच करावं' याला आता आधार नाही. गणपतीतली गर्दी आणि गुलाल मात्र पहिल्या पंधरवड्यात टाळलेला बरा.

खुपणं, थोडी लाली, पहिल्या दिवशी धूसर दिसणं चालतं. पण दिसू लागलेलं पुन्हा कमी झालं, दुखणं वाढलं, लाली वाढली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. पहिल्या आठवड्यात ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. तो विरळ आहे, पण तिथे तासांवर नजर अवलंबून असते. समोर विजेसारखी चमक, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर मागचा पडदा सुटत असेल. तेही त्याच दिवशी दाखवायचं.

नवा चष्मा फेकोनंतर महिन्याने, एसआयसीएसनंतर दीड महिन्याने करा. त्याआधी केलेला बहुधा पुन्हा करावा लागतो. दुसरा डोळा सहसा आठवड्यापासून महिन्याच्या अंतराने करतात, आणि पहिल्या डोळ्याचा निकाल बघून दुसऱ्याची लेन्स थोडी फिरवायची संधी इथेच असते. पहिल्याने लांबचं छान दिसतंय पण मोबाइलला अडतंय, असं वाटलं तर दुसरा मायनस 1 कडे ठेवण्याबद्दल बोला.

महिन्यांनी किंवा काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर लोक म्हणतात, 'मोतीबिंदू परत आला.' तो परत येत नाही. लेन्समागचा तो सायीसारखा पापुद्रा जाडसर झालेला असतो. याग लेझरने त्याला मध्यभागी एक खिडकी पाडतात. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, पट्टी नाही, भरती होणं नाही. मोतीबिंदूच्या साऱ्या प्रकरणात 'लेझरने केलं' हे वाक्य सगळ्यात बरोबर बसतं ते इथे.